विज्ञानकथेतील लिंगभाव

स्त्री-पुरुष या ठरीव विभागणीला छेद देणारे समाज कल्पिणारा विज्ञानसाहित्यातील विषय. रुकय्या सखावत हुसेन यांच्या ‘सुलतानाज् ड्रीम’ (१९०५) या इंग्रजी कथेत पुरुष पडद्यात राहतात आणि स्त्रिया सूर्याची उष्णता वापरून राज्य चालवतात. अर्सुला ल ग्विन यांच्या ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ (१९६९) या कादंबरीतील गेथेन ग्रहावर कोणीही कायमचे स्त्री वा पुरुष नसते. महिन्यातील काही दिवसच लिंग प्रकटते आणि एकच व्यक्ती कधी आई, तर कधी बाप होते. पृथ्वीवरून आलेल्या दूताला हे पचवणे जड जाते. वाचकाचीही तीच अडचण होते. गेथेनवासीयांसाठी पुल्लिंगी सर्वनाम वापरल्याबद्दल टीका झाली, तेव्हा ल ग्विन यांनीही पुढे फेरविचार केला.

मराठी वाचकाला ही विभागणी ओलांडणारे महाभारतातील बृहन्नडा व शिखंडी परिचित आहेत. महाराष्ट्र-कर्नाटक सीमापट्ट्यातील यल्लमा देवीच्या भक्तीत लुगडे नेसणाऱ्या पुरुषांची, म्हणजे जोगत्यांची परंपरा आहे. राजन गवस यांच्या कादंबऱ्यांवर आधारित ‘जोगवा’ (२००९) या चित्रपटाने त्यांची घुसमट दाखवली. देवीच्या नावाने स्वीकारलेले वेगळेपण घरात वा नोकरीत स्वीकारले जातेच असे नाही. कायद्याच्या पातळीवर मात्र सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांच्या स्वतंत्र लिंगओळखीला मान्यता दिली.