कौटुंबिक वास्तव्य-अपिले, युरोपातील

परदेशी जोडीदार, मूल किंवा पालक यांना निवास परवाना नाकारला गेल्यास अथवा हद्दपारीचा आदेश निघाल्यास कौटुंबिक जीवनाच्या हक्काच्या आधारे केलेली अपिले.

त्यांचा पाया म्हणजे 1950 च्या युरोपीय मानवी हक्क कराराचे कलम 8 (पहा : मानवी हक्क). परकीयाला प्रवेशाचा हक्क हा करार देत नाही. त्यामुळे कुटुंबाचे हित आणि राज्याचे हित यांच्या समतोलावरच वाद रंगतो.

1985 मध्ये ब्रिटनमध्ये स्थायिक तीन स्त्रियांच्या पतींना परवानगी नाकारल्याच्या प्रकरणाचा निकाल स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने दिला. एकट्या कलम 8 चा भंग न्यायालयाला दिसला नाही. मात्र पुरुषांना पत्नी आणणे सोपे असल्याने लिंगभेद सिद्ध झाला. ब्रिटनने मग समानता आणली, तीही पत्नींसाठीचे नियम कडक करून.

हद्दपारीसाठी याच न्यायालयाच्या बुल्तीफ निकालाने (2001) गुन्ह्याचे स्वरूप, वास्तव्याचा काळ, जोडीदारापुढील अडचणी असे निकष घालून दिले. 2014 मध्ये नेदरलँड्समध्ये सोळा वर्षांहून अधिक काळ परवान्याविना राहिलेल्या, तीन मुलांच्या सुरिनामी आईच्या बाजूने निकाल लागला.

झांब्रानो निकाल (2011) मात्र लक्झेंबर्गच्या, म्हणजे युरोपीय संघाच्या, न्यायालयाचा. बेल्जियन मुलांच्या कोलंबियन पालकांना त्याने वास्तव्य व कामाचा हक्क दिला, पण कलम 8 च्या नव्हे, तर संघाच्या नागरिकत्वाच्या आधारे (पहा : नागरिकत्व, युरोपीय संघ).