वेबमालिका पटकथालेखन

वेबमालिका पटकथालेखन म्हणजे आंतरजालावरून प्रदर्शित होणाऱ्या कथामालिकेची कथा, पटकथा व संवाद लिहिण्याची प्रक्रिया होय. दूरचित्रवाणीवरील दैनंदिन मालिकेचे भाग प्रेक्षकसंख्येचा कल पाहत, अनेकदा चित्रीकरणाच्या जेमतेम काही दिवस आधी लिहिले जातात. वेबमालिकेचे संपूर्ण पर्व मात्र बहुधा चित्रीकरणापूर्वीच लिहून होते. त्यामुळे येथे लेखनाचे एकक भाग नसून पर्व असते. पहिल्या भागात पेरलेला तपशील आठव्या भागात उगवेल, अशी योजना लेखकाला आखता येते.

लेखनप्रक्रिया

प्रथम कथाबीज मोजक्या ओळींत मांडतात. त्याचा विस्तार करून पात्रे, त्यांचा भूतकाळ, कथेचा परिसर आणि पर्वाचा आलेख यांचा दस्तऐवज तयार होतो. त्यास व्यवसायात ‘बायबल’ म्हणतात. पुढे प्रत्येक भागातील दृश्यांची क्रमवार रूपरेषा, म्हणजे ‘वन-लाइन’, आणि अखेरीस पटकथा व संवाद. दृश्याच्या शीर्षकात ते घराच्या आत घडते की बाहेर, स्थळ कोणते आणि वेळ दिवसाची की रात्रीची, हे नोंदवतात. एक पान म्हणजे पडद्यावरील सुमारे एक मिनिट, असा ढोबळ हिशेब असतो.

पटकथेत केवळ दिसणारे व ऐकू येणारेच लिहिता येते. ‘रमेशला पश्चात्ताप झाला’ हे वाक्य कादंबरीत चालते. पटकथेत रमेश मोबाइलवर आईचा क्रमांक काढतो आणि फोन न लावताच तो खाली ठेवतो, असे लिहावे लागते. कथालेखनाकडून पटकथेकडे वळणाऱ्यांची सर्वाधिक अडचण येथेच होते.

काही मालिका लेखकगट लिहितो. ‘सेक्रेड गेम्स’ (2018) या विक्रम चंद्रा यांच्या कादंबरीवरील मालिकेच्या पहिल्या पर्वाचे लेखन वरुण ग्रोव्हर, स्मिता सिंग व वसंत नाथ यांनी केले. याउलट ‘पंचायत’ (2020) चंदन कुमार यांनी लिहिली.

मराठी वेबमालिका

मराठीत ‘भारतीय डिजिटल पार्टी’ अर्थात भाडिपाच्या ‘कास्टिंग काउच विथ अमेय अँड निपुण’ या 2016 मधील मालिकेने या माध्यमाकडे तरुण प्रेक्षक वळवला. ‘आणि काय हवं’ (2019) एका दाम्पत्याच्या लहानसहान घरगुती प्रसंगांवर उभी आहे. मोठ्या रहस्याविनाही प्रेक्षक पुढील भागाकडे जातो, हे तिने दाखवले. सुहास शिरवळकर यांच्या कादंबरीवरील ‘समांतर’ची (2020) बांधणी निराळी आहे. आपले आयुष्य आपल्याआधी जगून गेलेल्या माणसाचा नायक शोध घेतो आणि त्या माणसाच्या रोजनिशीतून त्याला स्वतःचे भविष्य वाचता येते. भागाच्या शेवटी उत्कंठा राखण्याची सोय मूळ कथाबीजातच आहे. मालिकेचे दुसरे पर्व 2021 मध्ये आले.

वेबमालिकेस चित्रपटाप्रमाणे पूर्वप्रमाणपत्र लागत नाही. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार प्रसारकाने स्वतःच वयोगटानुसार वर्गीकरण करावयाचे असते. या मोकळीकीमुळे बोलीभाषांना संवादांत जागा मिळाली, तसाच शिव्या म्हणजेच वास्तव असा समजही पसरला. बोलीचा बाज शब्दयोजनेत व वाक्याच्या चालीत असतो. केवळ ‘ण’च्या जागी ‘न’ घालून तो साधत नाही.

श्रेय व प्रताधिकार

निर्मात्याला ऐकवलेली कल्पना पुढे दुसऱ्याच्या नावाने पडद्यावर दिसणे, ही नवलेखकांची जुनी धास्ती आहे. प्रताधिकार कल्पनेला नसून तिच्या अभिव्यक्तीला असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ‘आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स’ (1978) या खटल्यात स्पष्ट केले. आनंद यांच्या नाटकात व संबंधित चित्रपटात विषयाचे साम्य असूनही निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. म्हणून तोंडी कथन करण्यापूर्वी कथा सविस्तर लिहून काढणे आवश्यक ठरते. मुंबईतील स्क्रीनरायटर्स असोसिएशन ही संघटना सभासदांच्या संहितांची नोंदणी करते. अशी नोंद विशिष्ट दिनांकास संहिता अस्तित्वात होती याचा पुरावा ठरते. प्रताधिकार मात्र लेखनासोबतच निर्माण होतो आणि त्यासाठी नोंदणीची अट नाही.