मुलांच्या मानसिक आरोग्याची सुरुवात आई-वडिलांपासून

जबलपूर : मुलांच्या मानसिक आरोग्याची चर्चा बहुधा परीक्षा, मोबाईल आणि संगत यांभोवती फिरते. आई-वडिलांच्या स्वतःच्या मनःस्थितीकडे मात्र तुलनेने कमी लक्ष जाते. घरातील बोलणे, वागणे आणि ताणतणाव यांचा परिणाम मुलावर जन्मापासूनच होत असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते १० ते १९ वर्षे वयोगटातील दर सात जणांपैकी एकाला मानसिक विकार असतो. भारताच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वर्षे वयोगटात हे प्रमाण ७.३ टक्के आढळले.

पालकांची मनःस्थिती आणि मुलाची वाढ यांतील संबंध गोव्यातील एका अभ्यासाने स्पष्ट केला. मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी बाळंतिणींच्या केलेल्या या पाहणीत प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य दिसून आले. अशा मातांच्या बाळांचे वजन सहाव्या महिन्यात कमी असण्याचा धोका दुपटीहून अधिक होता. त्यांच्या बौद्धिक विकासावरही परिणाम झालेला आढळला.

याचा दोष मातेला देता येत नाही. गरिबी, पतीकडून होणारी मारहाण आणि मुलगी झाल्याची नाराजी यांचा या नैराश्याशी संबंध असल्याचे याच पाहणीत दिसले. वडिलांचे वर्तन मुलापर्यंत थेट पोहोचते, तसेच आईच्या मनःस्थितीमार्फतही पोहोचते.

मूल मोठे होऊ लागले की संगोपनाची पद्धत महत्त्वाची ठरते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६०च्या दशकात हुकूमशाही, मोकाट सूट देणारी आणि माया व शिस्त यांचा मेळ घालणारी अशा तीन पद्धती सांगितल्या. यांपैकी तिसरी पद्धत मुलांना सर्वाधिक हितकारक ठरते, असे पुढील अनेक अभ्यासांत दिसून आले. मात्र आनुवंशिकता, शाळा आणि आर्थिक परिस्थिती यांचाही प्रभाव असल्याने मुलाच्या प्रत्येक आजाराचे खापर पालकांवर फोडणे चुकीचे आहे.

आयुध निर्माणी आणि रेल्वेच्या नोकऱ्यांमुळे जबलपूरमधील अनेक घरांत पाळ्यांनुसार दिवस आखावा लागतो. अशा घरांत मुलांसाठी मिळणारा वेळ थोडा असला, तरी तो ठरलेला आणि रागावण्यापेक्षा ऐकून घेण्याचा असावा. पती-पत्नींमधील वाद मुलांसमोर टाळणे आणि भावंडांशी तुलना न करणे हेही तितकेच आवश्यक आहे.

झोप किंवा भूक बदलणे, खेळ व मित्र सोडून देणे, शाळेत जाण्यास नकार देणे, सतत चिडचिड होणे ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. मरणाची भाषा मुलाच्या तोंडी आल्यास एक दिवसही थांबू नये. जबलपूर येथे नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागात उपचार होतात. केंद्र सरकारची ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली 'टेली मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते.

अल्पवयीन रुग्णाला दाखल करावे लागल्यास त्याची व्यवस्था प्रौढांपासून वेगळी असावी आणि पालक किंवा नेमलेली व्यक्ती पूर्ण काळ त्याच्यासोबत राहावी, अशी तरतूद मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये आहे.

'टेली मानस'चा क्रमांक मुलांइतकाच पालकांसाठीही आहे. खचलेल्या आईने किंवा वडिलांनी स्वतःसाठी घेतलेली मदत हीदेखील मुलाच्या संगोपनाचाच भाग होय.