चाकांवरचा राजा, चाकांवरचा माळी

मागच्या भागात व्हर्सायची एक गोष्ट सांगायची राहिली होती. आज तेवढीच सांगतो.

आईला घेऊन मी पॅरिसजवळच्या व्हर्सायला गेलो होतो. तिचे गुडघे पार गेलेत, म्हणून मोबिलिटी स्कूटर भाड्याने घेतली. आईचं तोंड वाकडं. "एवढ्या मोठ्या राजाच्या बागेत मी हे खेळणं चालवत फिरू? लोक हसतील." त्यात महालासमोरचं अंगण घडीव दगडांचं. स्कूटर अशी खडखडली की अर्धी रांग वळून बघायला लागली. "बघ, म्हटलं होतं ना!"

महालामागे दोन मोठे हौद आहेत. त्यांच्यामधून पुढे गेलो, तर समोर पायऱ्या. खाली लातोनाचं कारंजं, मग हिरवळीचा लांब पट्टा, अपोलोचं कारंजं आणि त्याच्याही पलीकडे जवळजवळ १,६७० मीटर लांबीचा कालवा. आई म्हणाली, "तू जाऊन ये. मी बसते इथेच."

घरातल्या वयस्कर माणसाला कधी फिरायला नेलं असेल, तर हे वाक्य तुम्हीही ऐकलंय.

मग मी तिला तिथेच गोष्ट सांगितली. चौदाव्या लुईने १६६१ पासून ही बाग घडवायला घेतली, आंद्रे ल नोत्र या माळ्याच्या हातून. माळी म्हणजे काय, आख्ख्या युरोपने ज्याची नक्कल केली असा माणूस! राजाला बागेचं इतकं वेड की १६८९ मध्ये ती कशी दाखवावी याची सूचनावलीच त्याने लिहिली. कुठे थांबायचं, कुठे वळून बघायचं, सगळं. लातोनाच्या वर थांबून काय काय पाहावं, त्या यादीत तर बाजूचे उतारसुद्धा आहेत.

पण राजाला गाउट होता, पाय धड टेकवत नसे. उतारवयात तो याच बागांत चाकांच्या खुर्चीत बसून फिरायचा. मागून नोकर ढकलायचे.

आणि आता खरी गोष्ट. सेन-सिमों नावाच्या दरबारी उमरावाने आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. ल नोत्र १७०० मध्ये ८७ व्या वर्षी वारला. त्याच्या महिनाभर आधी राजाने त्याला बागेत फिरायला नेलं आणि वयाकडे बघून त्यालाही तशीच खुर्ची दिली, आपल्या खुर्चीच्या शेजारी. म्हाताऱ्याला वडिलांची आठवण आली. वडीलही माळी, पॅरिसच्या त्विलरी बागेतले. आपला साधा माळी पोरगा राजाच्या बरोबरीने खुर्चीत बसून चाललाय, हे बघायला ते हवे होते, असं तो म्हणत राहिला.

खुर्च्या ढकलणाऱ्यांची नावं मात्र सेन-सिमों देत नाही. त्या खडीवरून एकदा चाक ढकलून बघा, मग कळतं त्यांनी काय केलं असेल ते.

आई जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "म्हणजे तो माळी लाजला नाही?"

"लाजतोय कसला! वडिलांना दाखवायचं होतं त्याला."

तिने किल्ली फिरवली. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना वळण घेत उतरणारे ते उतार, राजाच्या यादीतलेच. खडीवर चाकं सरकत होती. मी पुढे उलटा चालत, हात पसरून, आणि आई ओरडतेय, "बाजूला हो रे, येतं मला!" खाली पोचल्यावर ती लातोनाभोवतीचे बेडूक झालेले शेतकरी बघून खूप हसली.

सगळंच जमलं असं नाही. संत्र्यांच्या बागेच्या दोन्ही बाजूंना शंभर-शंभर पायऱ्यांचे जिने आहेत, तिथे स्कूटरचा प्रश्नच नव्हता. कठड्यावरूनच खाली कुंड्यांतली झाडं पाहिली.

"राजा इथून कसा उतरत असेल रे?" आईने विचारलं. मी खांदे उडवले.

"उचलून नेत असतील. मला नको बाई," म्हणाली, आणि स्कूटर परत कालव्याच्या दिशेने वळवली.