खाज, चिखल्या, अंगावरून पांढरे जाणे : शरीरातील यीस्ट का वाढतो? घरी काय करावे, काय टाळावे

श्रीपूर : साखर कारखान्याच्या भागात यीस्ट हा शब्द नवा नाही. साखर काढून उरलेल्या मळीत पाणी आणि यीस्ट मिसळून टाकीत ठेवले की यीस्ट मळीतली साखर खातो, झपाट्याने वाढतो आणि अल्कोहोल तयार होतो. ऊब, ओल आणि साखर मिळाली की त्याला दुसरं काही लागत नाही.

या यीस्टचा एक भाऊबंद माणसाच्या अंगात राहतो. त्याचे नाव कॅन्डिडा. तोंड, आतडी, कातडी आणि बायकांच्या योनीमार्गात तो थोड्या प्रमाणात असतोच. तो असणे म्हणजे आजार नव्हे. शरीरातले चांगले जिवाणू आणि आपली प्रतिकारशक्ती त्याला हद्दीत ठेवतात. हद्द मोडली की तो वाढतो आणि खाज, आग, पांढरे पाणी, चिखल्या असे त्रास सुरू होतात.

ऊसतोड, दारं धरणे, खुरपण अशा कामांत दिवसभर घाम आणि ओल असते. त्यामुळे ग्रामीण भागात हा त्रास घरोघरी आहे, पण लाजेपोटी बोलले जात नाही. मग मेडिकलमधून कुठलेतरी मलम आणले जाते किंवा मोबाईलवरचा व्हिडिओ बघून उपाय केला जातो. म्हणून ही माहिती.

यीस्ट वाढला हे कसे ओळखावे?

• बायकांमध्ये : योनीच्या जागी जोराची खाज, आग, लघवीला जळजळ, दह्याच्या चोथ्यासारखे घट्ट पांढरे पाणी. याला सहसा घाण वास नसतो. साधारण चारपैकी तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

• पुरुषांमध्ये : लिंगाच्या टोकाला लाली, खाज, कातडीखाली पांढरा थर.

• कातडीच्या घड्यांत : जांघ, काख, स्तनांखाली, पोटाच्या वळीत लाल ओलसर चट्टा आणि त्याच्या कडेने बारीक लाल पुळ्या.

• पायाच्या बोटांत : चिखल्या. बेचक्यातली कातडी पांढरी, भिजल्यासारखी होते, चिरते, आग होते. यात यीस्टबरोबर दुसरी बुरशी आणि जिवाणूही असू शकतात.

• नखाच्या कडेला : सतत भांडी, धुणे, जनावरांचे काम करणाऱ्यांचे नखुरडे महिनोन्महिने हटत नाही, त्यामागे अनेकदा ओल आणि यीस्ट असतो.

• तोंडात : जिभेवर, गालाच्या आत पांढरा थर. तान्ही बाळे, कवळी वापरणारे आणि दम्याचा पंप घेणारे यांच्यात जास्त.

• बाळाच्या लंगोटाच्या जागी : लालभडक पुरळ, जे साध्या पावडरने जात नाही.

अंगावर गोल कड असलेला नायटा किंवा गजकर्ण उठते ती वेगळी बुरशी आहे. तिचे औषध आणि औषधाचा कालावधी वेगळा असतो.

प्रत्येक पांढरे पाणी म्हणजे यीस्ट नव्हे

पाळीच्या मधल्या दिवसांत पातळ, बिनवासाचे पांढरे पाणी जाणे नैसर्गिक आहे. माशासारखा वास आणि राखाडी पातळ पाणी असेल तर तो जिवाणूंचा त्रास असू शकतो. पिवळसर हिरवे, फेसाळ पाणी असेल तर तो लैंगिक संबंधातून आलेला संसर्ग असू शकतो. त्यात नवराबायको दोघांनाही औषध घ्यावे लागते.

अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत यीस्ट समजून स्वतःच औषध आणणाऱ्या बायका तपासल्या, तेव्हा फक्त एक तृतीयांश बायकांनाच नुसता यीस्टचा त्रास निघाला. बाकीच्यांचे दुखणे वेगळे होते. म्हणून पहिल्यांदा त्रास झाला तर एकदा तपासून घेणे चांगले.

यीस्ट कशामुळे वाढतो?

१. मधुमेह : रक्तात साखर वाढली की ती लघवीत आणि इतर स्रावांत उतरते. यीस्टला आयते खाद्य मिळते आणि प्रतिकारशक्तीही कमी पडते. पुन्हा पुन्हा जांघेत किंवा योनीच्या जागी खाज येणे ही कित्येकदा मधुमेहाची पहिली खूण असते.

२. अँटिबायोटिक : सर्दीतापाला उठसूट घेतलेल्या गोळ्यांनी राखण करणारे चांगले जिवाणूही मरतात. रान मोकळे झाले की यीस्ट पसरतो.

३. स्टेरॉइड : गोळ्या, इंजेक्शन किंवा मलम यांनी त्या जागेची किंवा पूर्ण शरीराची प्रतिकारशक्ती दबते. २०२१ मध्ये कोरोनानंतर महाराष्ट्रात काळी बुरशी पसरली होती. ती बुरशी वेगळी, पण वाढलेली साखर आणि बेसुमार स्टेरॉइड ही कारणे तीच होती.

४. गरोदरपण आणि इतर आजार : गरोदरपणात हे प्रमाण वाढते. एचआयव्ही, कॅन्सरचे उपचार यांतही वाढते.

५. मधुमेहाच्या काही गोळ्या : डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे साखर लघवीवाटे बाहेर काढतात. त्यामुळे काहींना त्या जागी खाज येते. गोळी मनाने बंद करू नये, डॉक्टरांना सांगावे. लघवीनंतर जागा पाण्याने धुवून कोरडी करावी.

६. ओल : घामाचे कपडे, ओला परकर, दिवसभर गमबूट, नायलॉनची चड्डी.

गोड खाल्ले की यीस्ट वाढतो का?

मोबाईलवर असे सर्रास सांगितले जाते. गूळ, भाकरी, फळे बंद करायला लावणारे 'यीस्ट सफाई' आहारही फिरतात. ज्याची रक्तातली साखर नीट आहे त्याने चहात साखर घातली म्हणून हा त्रास होत नाही. त्याचे शरीर साखर ताब्यात ठेवते. ज्याला मधुमेह आहे त्याने मात्र साखर आटोक्यात आणल्याशिवाय कितीही मलम लावले तरी त्रास परत येतो.

सकाळी पाण्याच्या ग्लासात थुंकून 'यीस्ट ओळखायची' चाचणीही फिरते. तिला शास्त्राचा आधार नाही. थुंकीचे धागे कोणाचेही खाली उतरतात. सतत थकवा, पोट फुगणे, अंग दुखणे याला यीस्ट समजून बसू नये. रक्त कमी असणे, थायरॉइड, मधुमेह यांची तपासणी आधी करावी.

घरी काय करावे?

खरा नैसर्गिक उपाय म्हणजे यीस्टची ऊब, ओल आणि साखर तोडणे.

• फडातून, रानातून आल्यावर घामाचे कपडे लगेच बदलावेत. आंघोळीनंतर जांघ, काख, बोटांची बेचकी पुसून कोरडी करावीत आणि मगच कपडे घालावेत.

• आतले कपडे सुती आणि सैल असावेत. ते लाजेने दुसऱ्या कपड्याखाली झाकून वाळत घालू नयेत, कडक उन्हात वाळवावेत. पाळीच्या कापडालाही हेच लागू आहे. पॅड किंवा कापड चार ते सहा तासांनी बदलावे.

• गमबूट दोन जोड असतील तर आलटून पालटून वापरावेत. एकच असेल तर रात्री उघडा करून वाळवावा. चिखल्या असतील तर घरी आल्यावर पाय उघडे ठेवावेत.

• योनीची जागा बाहेरून साध्या पाण्याने धुवावी. आतून धुऊ नये. आतले चांगले जिवाणू स्वतःच राखण करतात, धुतल्याने ते निघून जातात.

• नखुरडे असेल तर पाण्यातल्या कामाला रबरी हातमोजे घालावेत आणि आत घाम आला तर हात पुसावेत.

• दम्याचा पंप घेतल्यावर चूळ भरून टाकावी. कवळी रात्री काढून स्वच्छ करावी.

• बाळाचे लंगोट ओले होताच बदलावेत, थोडा वेळ उघडे ठेवावे.

घरगुती उपाय : कोणता चालेल, कोणता नाही

दही, ताक खाणे चांगले, नुकसान नाही. पण त्याने झालेला संसर्ग बरा होतो असा भक्कम पुरावा नाही. दही आत लावू नये.

लसूण आत ठेवल्याने नाजूक जागा भाजते. खाण्यात असू द्यावा.

खोबरेल तेल प्रयोगशाळेत यीस्टला रोखते. माणसांवरचा पुरावा अपुरा आहे. बाहेरच्या कातडीला थोडे लावायला हरकत नाही, पण ओल्या घडीत थापू नये.

कडुनिंबाच्या पाला उकळलेल्या पाण्याने बाहेरून पाय, जांघ धुतली तर चालते. नंतर जागा कोरडी करावी. औषध म्हणून त्यावर विसंबू नये.

तुरटीचे पाणी, जंतुनाशक द्रव, लिंबू, खाण्याचा सोडा योनीच्या जागी वापरू नये. आग वाढते आणि चांगले जिवाणू मरतात.

कॅरमच्या बोरिक पावडरीचा उपायही कानावर येतो. बोरिक ॲसिडच्या कॅप्सूल काही हटवादी संसर्गात डॉक्टर आत ठेवायला देतात, पण ते पोटात गेले तर विष आहे आणि गरोदरपणात चालत नाही. घरची पावडर वापरू नये.

मेडिकलवरच्या 'रामबाण' मलमापासून सावध

खाजेवर तासाभरात आराम देणाऱ्या अनेक मलमांत बुरशीचे औषध, अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकत्र असते. स्टेरॉइडने लाली, खाज दबते, पण बुरशी आत पसरत राहते. मलम थांबवले की दुप्पट जोराने येते. कातडी पातळ होते, जांघेत कायमचे वळ पडतात. नळीवरच्या नावात बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असे काही असेल तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय लावू नये.

औषध किती दिवसांचे?

योनीच्या साध्या संसर्गाला क्लोट्रिमॅझोलची आत ठेवायची गोळी एक ते सात दिवस किंवा फ्लुकोनॅझोलची एक तोंडावाटे गोळी बहुतेकींना पुरते. गरोदर बाईने तोंडावाटे गोळी घेऊ नये, तिला आत ठेवायची सात दिवसांची गोळी दिली जाते. कातडीला, चिखल्यांना क्लोट्रिमॅझोलचे साधे मलम दोन ते चार आठवडे लागते. खाज थांबली म्हणून मध्येच सोडू नये.

सरकारी दवाखान्यात योनीस्रावाच्या तक्रारीसाठी हिरव्या रंगाचे औषधाचे किट असते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासणी आणि उपचार मोफत आहेत. पहिल्यांदा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे, गरज पडली तर अकलूज किंवा पंढरपूरच्या उपजिल्हा रुग्णालयात.

पांढरे पाणी जाते म्हणून पिशवी काढू नका

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्याचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. पांढरे जाणे, ओटीपोट दुखणे, पाळीचा त्रास अशा तक्रारी घेऊन गेलेल्या, तिशीतल्याही बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या होत्या. फडावर शौचालय नाही, धुवायला पाणी नाही, पाळीत सुट्टी घेतली तर खाडा पडतो, मग दुखणे अंगावरच काढले जाते.

यीस्टचा संसर्ग योनीमार्गात असतो, पिशवीत नाही. पिशवी काढल्याने तो जात नाही. उलट पाळी जायच्या आधीच अंडाशयही काढले तर हाडे ठिसूळ होणे, हृदयाचे आजार यांचा धोका वाढतो. कोणी पिशवी काढायला सांगितले तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये.

दवाखान्यात कधी जावे?

• पहिल्यांदाच त्रास होत असेल किंवा गरोदर असाल तर.

• ताप, ओटीपोटात दुखणे, घाण वास, रक्तस्राव असेल तर लगेच.

• औषध पूर्ण करूनही फरक नसेल तर.

• वर्षात तीन किंवा जास्त वेळा त्रास झाला तर. अशा वेळी रक्तातली साखर आणि एचआयव्ही तपासून घ्यावे.

• मधुमेह असलेल्या माणसाच्या चिखल्या चिरल्या, पाय सुजला किंवा लाल झाला तर त्याच दिवशी. त्या चिरेतून जिवाणू शिरून पाय धोक्यात येऊ शकतो.

• मोठ्या माणसाच्या तोंडात कारण नसताना पांढरा थर आला, गिळताना दुखू लागले तर.

उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त आली तर मधुमेहाची शक्यता असते, पुन्हा तपासून खात्री करावी. तिशी ओलांडलेल्यांसाठी ही तपासणी गावातल्या उपकेंद्रातही होते. दवाखान्यात थेट बोलायला संकोच वाटत असेल तर आशाताईंना सांगावे किंवा १०४ या आरोग्य सल्ला क्रमांकावर फोन करावा. बाईने घरात हा त्रास सांगितला तर घरच्यांनी तिला उद्यावर न टाकता दवाखान्यात न्यावे.