‘क’ जीवनसत्त्वाची मात्रा

पुण्याहून मिरज-हुबळीमार्गे बंगळूरला जाणारा प्रवासी शहराच्या अंतर्भागात शिरण्यापूर्वी यशवंतपूर स्थानकाला येतो. या स्थानकाच्या एका अंगाला कांद्या-बटाट्यांची मोठी बाजारपेठ आहे. महाराष्ट्रातला कांदा तेथे गोण्यांनी उतरतो. दुसऱ्या अंगाला, मल्लेश्वरमच्या दिशेने, भारतीय विज्ञान संस्थेची दाट वनराई दिसू लागते. इ. स. १९३३ मध्ये या संस्थेत प्रवेश मिळावा म्हणून मुंबई विद्यापीठाची परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेल्या एका मराठी मुलीने अर्ज केला. तिचे नाव कमला भागवत. लेखिका दुर्गाबाई भागवतांची ही बहीण पुढे कमला सोहोनी या नावाने प्रसिद्ध झाली. संस्थेचे त्या वेळचे संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी, केवळ ती स्त्री म्हणून, प्रवेश नाकारला. कमलाबाई मागे हटल्या नाहीत. अखेर एक वर्ष काम पाहून मगच मान्यता देऊ, या अटीवर त्यांना प्रयोगशाळेचे दार उघडे झाले. श्रीनिवासय्या या कडक शिस्तीच्या गुरूंच्या हाताखाली त्या दुधातील आणि डाळी-कडधान्यांतील प्रथिनांचा अभ्यास करू लागल्या. आपल्या नित्याच्या अन्नात काय आहे आणि किती आहे, हे मोजून पाहण्याची विद्या त्या येथे शिकल्या.

‘किती’ हा प्रश्न साधा वाटतो; परंतु ‘क’ जीवनसत्त्वाच्या बाबतीत त्याचे उत्तर मिळण्यास दोन शतकांहून अधिक काळ लागला. इ. स. २०२० च्या साथीत घरोघरी पाचशे मिलिग्रॅमच्या आंबटगोड गोळ्या चघळल्या गेल्या आणि काहींच्या घरी ती सवय अद्यापही टिकून आहे. म्हणून या प्रश्नाचा इतिहास एकदा नीट पाहिला पाहिजे. त्या इतिहासात तीन वेगवेगळे आकडे आहेत. पहिला गरजेचा, दुसरा तृप्तीचा आणि तिसरा मर्यादेचा. या तिहींची गल्लत झाल्यामुळेच बहुतेक गैरसमज उत्पन्न झाले आहेत.

प्रथम गरजेचा आकडा. लिंबू-संत्र्यांनी खलाशांची स्कर्व्ही बरी होते, हे जेम्स लिंड या जहाजावरील वैद्याने इ. स. १७४७ मध्ये बारा रोग्यांवर पडताळून पाहिले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. आपल्याला अधिक जवळची असलेली कथा मात्र फारशी सांगितली जात नाही. पहिल्या महायुद्धात सहावी पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियातील कुत-अल-अमारा येथे वेढ्यात सापडली. डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ च्या अखेरपर्यंत हा वेढा चालला. तीत १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. रसद संपत चालली तसे गोरे शिपाई घोड्याचे ताजे मांस खाऊ लागले. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी धर्मभावनेमुळे ते अगदी शेवटपर्यंत नाकारले. परिणाम असा झाला, की हिरड्या सुजणे, रक्त वाहणे आणि अंगातली शक्ती ओसरणे ही स्कर्व्हीची लक्षणे हिंदी शिपायांत शेकड्यांनी दिसू लागली. गोरे शिपाई त्यांतून बहुतांशी वाचले. ताज्या मांसात ‘क’ जीवनसत्त्व असते ते नाममात्र. तथापि तेवढ्या लेशानेही रोगाला रोखून धरले. रोग टाळण्यासाठी लागणारी मात्रा किती अल्प असते, याचा याहून करुण पुरावा दुसरा नसेल.

याच युद्धकाळात लंडनच्या लिस्टर संस्थेतील हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी यांनी दाखवून दिले, की कोरड्या कडधान्यात स्कर्व्हीनाशक गुण नसला, तरी ते भिजवून त्याला मोड आणले म्हणजे तो गुण त्यात उत्पन्न होतो. मेसोपोटेमियातील हिंदी सैन्यासाठी हा उपाय सुचविण्यात आला. मोड आलेल्या मटकीची उसळ हा आपल्या स्वयंपाकघरातला रोजचा पदार्थ. कुतच्या तटबंदीत अडकलेल्या मराठा शिपायांना त्याचे हे मर्म कोणी सांगितले असते, तर पुष्कळ यातना वाचल्या असत्या!

हा गुण असलेले द्रव्य शुद्ध रूपात वेगळे केले ते हंगेरीचे आल्बेर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी. इ. स. १९२८ च्या सुमारास केंब्रिजमध्ये सर फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हे कार्य केले आणि १९३७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. योगायोग असा, की त्याच वर्षी कमलाबाई केंब्रिजला पोचल्या. तेथे बटाट्यावर काम करीत असता वनस्पतींच्या पेशींत ‘सायटोक्रोम सी’ हे श्वसनक्रियेतील द्रव्य असल्याचे त्यांनी सिद्ध केले आणि १९३९ मध्ये डॉक्टरेट मिळविली. आज यशवंतपूरच्या बाजारात गोण्यांनी विकला जाणारा बटाटा त्यांच्या विद्येचा असा साक्षीदार आहे. विशेष म्हणजे याच बटाट्याने युरोपातील गरिबांना हिवाळ्यात स्कर्व्हीपासून दूर ठेवले होते, इ. स. १८४५ नंतर आयर्लंडमधील बटाट्याचे पीक बुडाले, तेव्हा उपासमारीबरोबर हा रोगही तेथे पुन्हा दिसू लागला.

दुसऱ्या महायुद्धात गरजेचा आकडा प्रत्यक्ष मोजण्यात आला. इंग्लंडमधील शेफील्ड येथे १९४४ ते १९४६ या काळात, युद्धात शस्त्र धरण्यास सद्सद्विवेकबुद्धीने नकार दिलेल्या वीस स्वयंसेवकांनी स्वतःची शरीरे या प्रयोगासाठी देऊ केली. दहा जणांना ‘क’ जीवनसत्त्व मुळीच दिले नाही, सात जणांना दररोज १० मिलिग्रॅम दिले आणि तिघांना ७० मिलिग्रॅम. काही महिन्यांनी पहिल्या दहा जणांत रोगाची लक्षणे उमटली. १० मिलिग्रॅम घेणारे मात्र निरोगी राहिले आणि आजारी पडलेलेही तेवढ्याच मात्रेने बरे झाले. सावधगिरी म्हणून ब्रिटनने रोजची शिफारस त्याच्या तिप्पट, म्हणजे ३० मिलिग्रॅम, ठेवली.

परंतु दरम्यान एक नवी गोष्ट घडून गेली होती. इ. स. १९३३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ताडेउश राइखश्टाइन यांनी हे द्रव्य कृत्रिम रीतीने बनविण्याची युक्ती शोधून काढली. तोपर्यंत माणूस ते अन्नातूनच मिळवीत असे आणि पोट भरले, की मात्राही आपोआप थांबत असे. एक ग्रॅम हवे तर सुमारे अर्धा किलो पेरू खावे लागत. आता तेवढेच द्रव्य एका गोळीत मावू लागले. अतिरेकाचा प्रश्न खऱ्या अर्थाने येथून सुरू होतो.

त्या अतिरेकाला प्रतिष्ठा मिळवून दिली ती एका थोर शास्त्रज्ञाने. लायनस पॉलिंग यांना दोन नोबेल पारितोषिके मिळालेली होती. बकरीसारखे प्राणी हे जीवनसत्त्व आपल्या शरीरात ग्रॅमने तयार करतात, माणसाने मात्र ती शक्ती गमावली आहे. तेव्हा माणसानेही ते ग्रॅमने घ्यावे, असा त्यांचा युक्तिवाद होता. सर्दीवर या जीवनसत्त्वाचा उपाय सांगणारे त्यांचे पुस्तक १९७० मध्ये निघाले आणि गोळ्यांचा खप भराभर वाढला. पुढील अनेक चाचण्यांतून निष्पन्न झाले ते एवढेच, की नित्य गोळ्या घेणाऱ्या सर्वसाधारण माणसाची सर्दी टळत नाही. तिचा मुक्काम प्रौढांत आठ टक्क्यांच्या आसपास कमी होतो. अतिश्रम करणारे धावपटू आणि बर्फाळ प्रदेशातील सैनिक यांना मात्र अधिक लाभ दिसला.

तृप्तीचा आकडा १९९६ मध्ये हाती आला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मार्क लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात निरोगी तरुणांना अनेक महिने रुग्णालयात ठेवून ३० पासून २५०० मिलिग्रॅमपर्यंत मात्रा देऊन पाहिल्या. १०० मिलिग्रॅमलाच पांढऱ्या पेशी तृप्त झाल्या. एका वेळी २०० मिलिग्रॅम घेतले, तर ते जवळजवळ पूर्ण शोषले गेले. त्यापुढे शोषण घटत गेले आणि शोषलेलाही बराचसा भाग मूत्रावाटे बाहेर पडला. १००० मिलिग्रॅमपासून मूत्रातील ऑक्झलेट वाढू लागले, आणि ऑक्झलेट हे मुतखड्याचे एक प्रमुख घटकद्रव्य होय. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील सुमारे तेवीस हजार पुरुषांच्या पाहणीतही, या गोळ्या घेणाऱ्यांत मुतखड्याचे प्रमाण जवळजवळ दुप्पट आढळले.

मर्यादेचा आकडा इ. स. २००० मध्ये अमेरिकेतील वैद्यक संस्थेने ठरविला. दिवसाला ३ ग्रॅमच्या सुमारास अनेकांना पोट बिघडून जुलाब होतात. त्या आकड्याला दीडाने भागून प्रौढांसाठी २ ग्रॅम ही वरची सीमा आखण्यात आली. ब्रिटनच्या तज्ज्ञांनी २००३ मध्ये गोळ्यांपुरती १ ग्रॅम ही अधिक सावध सीमा सुचविली. या सीमा निरोगी माणसासाठी आहेत. ज्याला मुतखडा झालेला आहे, ज्याचे मूत्रपिंड अशक्त आहे, ज्याच्या शरीरात लोह साठत जाते किंवा ज्याच्या रक्तात ‘जी-सहा-पीडी’ या विकराची जन्मजात उणीव आहे, त्याने वैद्यांना विचारल्यावाचून मोठी मात्रा घेऊ नये.

आपल्या देशाचा आकडा कोणी ठरविला? निलगिरीतील कुन्नूर येथे पोषणविषयक संशोधनाची एक प्रयोगशाळा होती. केंब्रिजहून परतल्यावर आणि दिल्लीत काही काळ अध्यापन केल्यावर कमलाबाईंनी तेथे जीवनसत्त्वांवर काम केले. ती प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला गेली आणि पुढे तिचीच राष्ट्रीय पोषण संस्था झाली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या या संस्थेने २०२० मध्ये पुरुषांसाठी ८० आणि स्त्रियांसाठी ६५ मिलिग्रॅम ही रोजची शिफारस केली. मध्यम आकाराचा एक पेरू ती सहज भागवितो. आवळा तर एखाददुसराच पुरतो.

कमलाबाई पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या आणि माडाच्या नीरेकडे वळल्या. नीरेत आणि ताडगुळात कोणती पोषकद्रव्ये आहेत हे त्यांनी मोजले, आणि कुपोषित आदिवासी मुलांना व गर्भवती स्त्रियांना त्यांचा उपयोग होतो, असे दाखवून दिले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. ज्यांना अल्पही मिळत नाही, त्यांच्या पानात थोडेसे कसे पडेल, ही त्यांची चिंता होती. ज्यांच्या पानात आधीच पुरेसे आहे, त्यांनी आणखी किती घ्यावे, ही आजची चिंता आहे. कुतमध्ये मराठा शिपाई ज्या लेशावाचून खंगले, तोच लेश आज आपण शेकडो पटींनी विकत घेतो आणि त्यातला बहुतेक भाग मोरीत वाहून जातो. यशवंतपूरच्या त्या संस्थेत एका मराठी मुलीने मोठ्या कष्टाने मिळविलेली मोजमापाची विद्या आपण आपल्या घरात वापरावी, एवढे जरी केले तरी पुष्कळ झाले.