घाटात फियाटचा पहिला गिअर का अडायचा? जुन्या गाड्यांच्या गिअरबॉक्सची गोष्ट

अमेरिकेच्या 'मसल कार'चे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. 1964 च्या पॉन्टिअॅक जीटीओला 6.4 लिटरचं इंजिन होतं आणि कंपनीकडून मिळायचे फक्त तीन गिअर. चौथा हवा तर जादा पैसे. इंजिनात दमच एवढा, की कमी गिअरवर भागायचं.

आपल्याकडे उलटी तऱ्हा होती. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचं, म्हणजे सगळ्यांच्या 'फियाट'चं, इंजिन 1089 सीसीचं. ताकद पन्नास अश्वशक्तीच्याही आत. चार गिअर, दांडी स्टिअरिंगलाच जोडलेली. त्यामुळे पुढच्या सलग सीटवर तिघं बसायची (कोकणात गणपतीला निघालेल्या गाडीत चौथंही!). अशी भरलेली गाडी साखरप्याहून आंबा घाट किंवा चिपळूणहून कुंभार्ली घाट चढायची, तेव्हा सगळी भिस्त गिअरवर असायची.

आणि नेमकं वळणावर, दुसऱ्यात गाडी दमली की पहिला पडायचा नाही. कर्रर्र आवाज यायचा.

कारण असं. गिअर बदलताना वेगवेगळ्या वेगाने फिरणारे दोन भाग एकमेकांत अडकवायचे असतात. वेग जुळले नाहीत तर दाते एकमेकांवर घासतात. यावर उपाय म्हणजे सिंक्रोमेश: पितळेसारख्या धातूची शंकूच्या आकाराची रिंग आधी घर्षणाने दोघांचे वेग जुळवते, मगच दाते बसतात. फियाटमध्ये ही सोय दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गिअरला होती, पहिल्याला नव्हती. महिंद्राच्या जुन्या विलीज जीपला तीनच गिअर, आणि तिथेही पहिला तसाच कोरा.

मग ड्रायव्हर काय करायचे? डबल क्लच. क्लच दाबून गाडी न्यूट्रल करायची, क्लच सोडायचा, अॅक्सिलरेटरला हलका झटका द्यायचा, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाकायचा. मधल्या झटक्याने गिअरबॉक्समधली चक्रं वेगाने फिरतात आणि खालच्या गिअरला हवा तेवढा वेग मिळतो. रिंगचं काम पायाने करायचं, एवढाच त्याचा अर्थ. हे सगळं चढावर, वेग पार मरायच्या आत जमवायचं. ज्याला जमत नसे, तो सरळ गाडी थांबवून पहिला टाकायचा आणि हँडब्रेकच्या भरवशावर पुन्हा उचलायचा. मागे एसटी असली तर बघायलाच नको.

खरा धोका मात्र उतारावर. फियाटच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक. सलग ब्रेक दाबत उतरलं की ड्रम तापतात, लायनरची पकड सुटत जाते आणि पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. म्हणून जुने ड्रायव्हर सांगायचे, ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा. अॅक्सिलरेटर सोडला की चाकांना इंजिन फिरवावं लागतं आणि तो विरोध गाडीला रोखून धरतो. गिअर जितका खालचा, तितकी ओढ जास्त.

पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारेही होते, आजही आहेत. ही सवय जिवावर बेतणारी आहे, आणि आता तिचा हिशोबही चुकतो. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकून अॅक्सिलरेटर सोडला की इंधन बहुतेक वेळ बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतंच.

मुंबईच्या रस्त्यावरून काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर 2023 अखेर निवृत्त झाली. शेवटची टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदलेली, आणि टॅक्सीला मुदत 20 वर्षांची. आजच्या गाड्यांत पुढच्या सगळ्या गिअरना सिंक्रोमेश असतं, त्यामुळे डबल क्लचची गरज उरलेली नाही. उताराचा नियम मात्र ऑटोमॅटिक गाडीलाही लागू आहे. आंबा घाट उतरताना 'डी'वर ठेवून ब्रेक दाबत बसण्यापेक्षा 'एल' किंवा मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर निवडावा, तोही उतार सुरू व्हायच्या आधी.